विमानाचे पाय बदलताना

दूरनियंत्रित जेट विमानांच्या प्रतिकृती उडवणाऱ्या एखाद्या छांदिष्टाच्या कार्यशाळेत डोकावून पाहिले, तर टेबलावर उताणे ठेवलेले विमान पंखाच्या किंवा इंजिनाच्या दुरुस्तीपेक्षा पायांच्या दुरुस्तीसाठीच तेथे आलेले असण्याचा संभव अधिक. आकाशात ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने सुखरूप विहार करणारे हे यंत्र जमिनीशी संबंध येताच संकटात सापडते. आणि त्या संबंधाचा सर्व भार ज्यांच्यावर पडतो ते तीन पाय, म्हणजे उड्डाणानंतर पोटात मिटणारे आणि उतरण्यापूर्वी पुन्हा उघडणारे लँडिंग गिअर, हा त्या विमानाचा सर्वांत कष्टाळू आणि सर्वांत दुर्लक्षित अवयव होय. निकामी झालेला असा पाय काढून त्याच्या जागी नवा बसवणे हे वरकरणी चार स्क्रूंचे काम आहे. परंतु जुना पाय कशामुळे निकामी झाला याचा तपास न करता नवा बसवला, तर तोही थोड्याच दिवसांत त्याच गतीला जातो, हे या छंदात काही काळ काढलेल्या मनुष्यास ठाऊक असते. म्हणून त्या चार स्क्रूंच्या मागचा कार्यकारणभाव सामान्य वाचकापुढे सविस्तर मांडावा असे मला वाटते.

या प्रतिकृतींचे आज दोन मुख्य वर्ग आहेत. एका वर्गात खरेखुरे टर्बाइन इंजिन असते, केरोसीन जाळणारे आणि खऱ्या जेटप्रमाणेच तप्त झोत मागे सोडणारे. जर्मनीतील जेटकॅट कंपनीचे शंभर न्यूटन रेटा देणारे इंजिन, जे एका हातात सहज उचलता येते, पूर्ण वेगात मिनिटाला दीड लाखाहून अधिक फेरे घेते, यावरून त्या कारागिरीची कल्पना यावी. दुसऱ्या वर्गात ज्वलन नाही. विमानाच्या धडातील नळीत बहुधा बारा पात्यांचा एक पंखा बसवलेला असतो, बॅटरीवर चालणारी मोटार तो फिरवते, पुढून हवा ओढली जाते आणि मागून जोराने फेकली जाते. या रचनेला छांदिष्ट ‘ईडीएफ’ म्हणतात. ऐंशी मिलिमीटर व्यासाच्या पंख्याचे, सहा सेलांच्या म्हणजे सुमारे बावीस व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर उडणारे, थर्माकोलसारखे दिसणाऱ्या परंतु त्याहून पुष्कळ चिवट अशा इपीओ नावाच्या फोमपासून घडवलेले आणि तीन किलोच्या आसपास वजनाचे विमान हा या वर्गाचा सर्वांत प्रचलित नमुना. चीनमधील कारखान्यांत तयार होऊन अमेरिका, युरोप आणि आपल्याकडील मोजक्या छांदिष्टांपर्यंत पोहोचणाऱ्या या विमानाचेच उदाहरण मी पुढे डोळ्यांसमोर ठेवणार आहे.

विमानाचे पाय मिटवण्याची कल्पना अर्थातच खऱ्या विमानांची. १९२० साली फ्रान्समध्ये झालेल्या गॉर्डन बेनेट चषकाच्या शर्यतीसाठी अमेरिकेच्या डेटन-राइट कंपनीने जे आरबी-१ विमान धाडले, त्याचे पाय वैमानिक हाताने दांडा फिरवून धडात ओढून घेत असे. आणि १९३३ च्या अखेरीस प्रथम उडालेल्या पोलिकार्पोव्ह आय-१६ या सोव्हिएत लढाऊ विमानातही हीच हस्तशक्ती योजलेली होती, चाळीसहून अधिक फेरे दिल्यावाचून ते पाय पूर्ण मिटत नसत. प्रतिकृतींत ही युक्ती जेटच्या पुष्कळ आधी, १९७० च्या दशकातील कसरतींच्या स्पर्धाविमानांत रूढ झाली होती. तेव्हा ती सर्वोयंत्राच्या, म्हणजे रेडिओच्या आज्ञेप्रमाणे ठरावीक कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटारीच्या, किंवा दाबाखालील हवेच्या बळावर चाले. हवेची पद्धत मोठ्या टर्बाइन विमानांत आजही आढळते, आणि तिचे दुखणे मुख्यतः रबरी कड्यांतून आणि नळ्यांच्या सांध्यांतून होणाऱ्या गळतीचे असते. मध्यम आणि लहान विमानांत मात्र विजेच्या मोटारीने हवेला जवळजवळ पदच्युत केले आहे, आणि माझ्या मते ते योग्यच झाले.

विजेवर चालणाऱ्या अशा पायाचे युनिट, ज्याला छांदिष्ट ‘रिट्रॅक्ट’ म्हणतात, ते प्लास्टिकच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या एका छोट्या चौकटीत सामावलेले असते. चौकटीच्या एका टोकाला बोटाच्या पेराएवढी मोटार, तिला जोडलेली बारीक दंतचक्रांची पेटी, त्या पेटीतून निघालेला मळसूत्री दांडा, दांड्याच्या आट्यांवर पुढेमागे सरकणारी चाकी, आणि त्या चाकीतील आडवी खीळ ज्याच्या खाचेत शिरून त्याला सुमारे नव्वद अंशांत फिरवते तो ट्रनियन नावाचा ठोकळा, अशी ही साखळी आहे. ट्रनियनमधून बाहेर आलेल्या पोलादी पिनेवर स्प्रिंग असलेला स्ट्रट बसतो आणि स्ट्रटच्या तळाशी चाक. रिसीव्हर सेकंदाला सुमारे पन्नास वेळा एक विद्युत स्पंद युनिटाकडे पाठवत असतो, आणि ट्रान्समीटरवरील स्विच हलवला की त्या स्पंदाची लांबी बदलते. स्पंद एक सहस्रांश सेकंदाचा असला तर मोटार एका दिशेने फिरते, दोन सहस्रांशांचा असला तर विरुद्ध दिशेने, आणि पाय उघडतो किंवा मिटतो.

या रचनेत दोन गोष्टी विशेष लक्ष देऊन समजून घेण्यासारख्या आहेत, कारण बहुतेक सर्व बिघाडांचे मूळ त्यांच्यापाशी सापडते. पहिली गोष्ट कुलुपाची. मळसूत्री दांडा फिरवला तर चाकी सरकते, परंतु चाकी कितीही ढकलली तरी दांडा फिरत नाही, हा बारीक आट्यांचा नैसर्गिक गुण होय. शिवाय पाय पूर्ण उघडला म्हणजे खीळ खाचेच्या अशा भागात येऊन थांबते की धावपट्टीचा धक्का चाकीला सरकवण्याऐवजी चौकटीच्या भिंतींवर आडवा जातो. त्यामुळे उघडलेला पाय उघडा राहण्यासाठी विजेचा एक थेंबही खर्च होत नाही आणि मोटारीला तो धक्का सोसावा लागत नाही. याचा व्यत्यास असा की पाय पूर्ण उघडण्याच्या किंचित अलीकडे थांबला, तर डोळ्यांना तो उघडलेला दिसतो, पण कुलूप लागलेले नसते, आणि उतरतानाचा सारा आघात त्या सुईएवढ्या दांड्यावर आणि त्यामागील दंतचक्रांवर येतो. हे विमान ताशी पन्नास-साठ किलोमीटर वेगाने जमिनीला टेकते. असा आघात दंतचक्रांचे दात फार वेळा सोसू शकत नाहीत.

दुसरी गोष्ट थांबण्याची. पाय पूर्ण उघडला किंवा पूर्ण मिटला हे मोटारीला कळावे कसे? पुष्कळ युनिटांत त्यासाठी वेगळा स्विच नसतोच. चाकी शेवटच्या टोकाला जाऊन अडली की मोटार अडते, अडलेली मोटार एकाएकी जास्त वीज ओढू लागते, आणि युनिटातील छोटा सर्किट बोर्ड ही वाढ ओळखून वीज तोडतो. योजना सुटसुटीत आणि स्वस्त आहे. पण बोर्डाला अडणे एवढेच कळते, कोणत्या कारणाने अडले ते कळत नाही. मिटलेले चाक ज्या पोकळीत बसते त्या गाळ्याच्या फोमला चाक घासले, गाळा झाकणाऱ्या झडपेची कड मध्ये आली, स्ट्रट थोडा वाकून कडेला टेकला किंवा दांड्यावर धूळ आणि जुने ग्रीस यांचा चिकट थर बसला, की बोर्ड प्रामाणिकपणे समजतो की मुक्काम आला, आणि पाय अर्ध्यावर लोंबकळत ठेवून काम थांबवतो. मैदानावर उभ्या असलेल्या माणसाला वाटते, रिट्रॅक्ट गेले. तो नवे मागवतो, महिनाभर वाट पाहतो, बसवतो, आणि नवेही अर्ध्यावरच थांबते.

यंत्राचा एखादा भाग मोडला म्हणजे कसूर त्या भागाचीच, हा समज किती फसवा असतो याचे एक उदाहरण खऱ्या विमानांच्या इतिहासात नोंदलेले आहे. २१ सप्टेंबर २००५ रोजी जेटब्लू कंपनीचे २९२ क्रमांकाचे उड्डाण, एअरबस ए-३२० जातीचे विमान, कॅलिफोर्नियातील बरबँकहून न्यूयॉर्ककडे निघाले; पुढचा पाय मिटेना, आणि दुरून पाहणी झाल्यावर कळले की त्याची दोन्ही चाके धावपट्टीच्या दिशेला काटकोनात वळून अडकली आहेत. इंधन जाळून वजन कमी करण्यासाठी विमान काही तास आकाशात घिरट्या घालीत राहिले, ते दृश्य दूरचित्रवाणीवरून प्रत्यक्ष दाखवले जात होते, आणि विमानातील प्रवासीही समोरच्या पडद्यांवर आपल्याच संकटाचे वृत्त काही काळ पाहत होते. अखेर लॉस एंजेलिसच्या विमानतळावर वैमानिकाने मागच्या चाकांवर तोल शक्य तितका धरून ठेवला आणि मग पुढचा पाय हळुवारपणे टेकवला. रबर जळाले, धातू ठिणग्या टाकीत घासत गेला, आणि १४० प्रवासी व ६ कर्मचारी यांपैकी कोणालाही इजा झाली नाही. चौकशीअंती निष्पन्न झाले ते असे: चाके सरळ ठेवणारे धातूचे दोन कान थकव्याने तुटले होते, आणि त्यांना थकवले होते उतरण्यापूर्वी नियंत्रण-यंत्रणा आपणहून पुढची चाके डावी-उजवीकडे हलवून जी चाचणी प्रत्येक वेळी घेत असे तिने. शिवाय चाके वळल्यावर त्यांना पुन्हा मध्यावर न आणण्याचे वर्तनही त्याच यंत्रणेच्या आज्ञावलीत होते. तुटलेले कान बदलून विमान पुन्हा उभे करता आले असते. पण ज्या शिरस्त्याने ते तुटले तो शिरस्ता तसाच राहता तर नव्या कानांचीही तीच गत होती.

प्रतिकृतीच्या बाबतीत हा तपास घरच्या टेबलावर करता येतो, आणि त्याला खर्च काही नाही. प्रथम संशयित पायाचा स्ट्रट काढून ठेवावा आणि युनिट नुसतेच चालवून पाहावे. नुसते असताना ते दोन्ही टोकांपर्यंत सहज जात असेल, तर दोष युनिटाचा नसून स्ट्रट, चाक किंवा गाळा यांचा आहे, आणि येथेच नव्या भागाची मागणी रद्द करून कानस किंवा धारदार कटर हाती घ्यावे. तसे नसेल तर डाव्या आणि उजव्या पायांच्या वायरी एकमेकींच्या जागी लावाव्या. बिघाड पायाबरोबर गेला तर पाय दोषी; बिघाड जागेवरच राहिला आणि आता दुसरा पाय चालेनासा झाला, तर वायर, जोड किंवा धडातील वितरण बोर्ड दोषी. इतक्या साध्या अदलाबदलीने जो प्रश्न सुटतो, त्यासाठी माणसे अंदाजाने तीनतीन भाग मागवतात हे पाहून मला खरोखर वाईट वाटते.

यानंतर विजेचा हिशेब. मुख्य बॅटरीचे बावीस व्होल्ट खाली आणून पाच-सहा व्होल्ट करणारे बीईसी नावाचे उपकरण रिसीव्हर, पंखांचे आणि शेपटीचे सर्व सर्वो आणि तिन्ही पाय यांना एकाच कोठारातून वीज पुरवते. तिन्ही पाय एकाच क्षणी टोकाला अडतात तेव्हा ओढ एकदम वाढते. बीईसी अशक्त असेल, जोडांत गंज असेल किंवा वायर फार बारीक असेल, तर व्होल्टचा दाब त्या क्षणी खचतो, आणि थकलेल्या मोटारीचा पाय आधी अडतो. काम करीत असताना व्होल्टमीटर लावून पाहिले म्हणजे हा खड्डा स्पष्ट दिसतो. एवढे सगळे निर्दोष आढळल्यावर मोटारीच्या दोन तारांवर थेट चार-पाच व्होल्ट क्षणभर लावून पाहावे, पण टोकाला अडल्यावर धरून ठेवू नये. मोटार फिरली तर सर्किट बोर्ड गेला; मोटार गुणगुणते पण चाकी सरकत नाही असे असेल तर दंतचक्रांचे दात गेले; काहीच घडले नाही तर मोटार गेली. यांपैकी कोणत्याही एका निर्णयाने युनिट बदलण्यास योग्य ठरते.

पण नवे युनिट मागवण्यापूर्वी आणखी एका जागेची झडती घेतली पाहिजे, आणि हीच जागा मला सर्व प्रकरणात अधिक महत्त्वाची वाटते. पायाचे युनिट चार स्क्रूंनी ज्या प्लास्टिकच्या किंवा प्लायवूडच्या तबकडीवर बसते, ती तबकडी फोममध्ये चिकटवलेली असते. उतरताना चाक वर आणि मागे असे दोन्हीकडे रेटले जाते. स्ट्रट हा तरफेचा लांब हात असल्यामुळे चाकाशी लागलेले थोडे बळ तबकडीशी अनेक पटींनी वाढून पोहोचते. आणि दर खेपेस तबकडीचे पुढचे टोक फोममधून उपटण्याचा प्रयत्न होतो. डोळ्यांना न दिसणारी फट प्रथम डिंकात पडते, मग युनिट त्या फटीपुरते वाकडे उभे राहते, वाकड्या युनिटाचे चाक गाळ्याच्या कडेला घासू लागते, बोर्ड अर्ध्यावर थांबू लागतो, मोटार वारंवार अडून तापते, आणि अखेर निकामी होऊन दोषपत्र स्वतःच्या नावावर घेते. विमान उताणे ठेवून स्ट्रट दोन बोटांनी धरावा आणि हलकेच पुढेमागे हलवून तबकडीच्या कडेकडे पाहावे. कड हलली तर नवे युनिट बसवण्यात अर्थ नाही.

ढिली तबकडी पूर्ण काढावी, जुना डिंक खरवडून काढावा, आणि घाईचा पाच मिनिटांचा नव्हे तर सावकाश वाळणारा इपॉक्सी वापरून ती परत बसवावी. तबकडीखाली दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा तुकडा घातला आणि तो पंखातील कार्बनच्या नळीपर्यंत नेऊन तिला टेकवला, तर धक्का हातभर फोमवर पसरतो. स्क्रूंचे आटे गेले असतील तर त्या छिद्रांत बांबूच्या काड्या बसवून पातळ सायनो गोंद सोडावा, वाळल्यावर बारीक ड्रिलने नवे छिद्र पाडावे. इपीओ फोमला हा गोंद बाधत नाही. साध्या थर्माकोलला मात्र तो विरघळवून टाकतो, हे विसरू नये.

नवे युनिट निवडताना मूळ कंपनीचा तोच भाग मिळाला तर उत्तम. परंतु आपल्याकडे हे सुटे भाग बहुधा परदेशातून येतात, टपालाचा खर्च आणि सीमाशुल्क धरता त्यांची किंमत फुगते, आणि जुन्या विमानांचे भाग काही वर्षांनी बनेनासे होतात. म्हणून पुष्कळदा दुसऱ्या कंपनीचे युनिट जुळवून घ्यावे लागते. तेव्हा चौकटीची लांबी-रुंदी, चार छिद्रांमधील अंतर, पिनेचा व्यास, पिनेचा कोन आणि चालण्याचे व्होल्ट हा तपशील कॅलिपरने मोजून लिहून ठेवल्यावाचून मागणी नोंदवू नये. पिनेत तीन, चार, पाच मिलिमीटर असे फरक असतात, आणि चार मिलिमीटरच्या छिद्रात तीनची पिन कोणत्याही युक्तीने नीट उभी राहत नाही. सर्वच युनिटे नव्वद अंशांत फिरत नाहीत. काही पंच्याऐंशीत, काही पंच्याण्णवात थांबतात, कारण पंखाचा उतार आणि गाळ्याची खोली लक्षात घेऊन रचनाकाराने तो कोन ठरवलेला असतो. पाच अंशांचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण त्याने मिटलेले चाक गाळ्याबाहेर डोकावते किंवा उघडलेला पाय पुढे-मागे कलतो.

धातूचा ट्रनियन घ्यावा की नायलॉनचा, यावर छांदिष्टांत मतभेद आहेत. धातूचा ट्रनियन निःसंशय मजबूत. तथापि ज्या आघाताने नायलॉनचा तडकला असता तो आघात धातू जसाच्या तसा पुढे तबकडीकडे आणि फोमकडे पाठवतो, आणि तडकलेला ट्रनियन बदलणे हे फाटलेला पंख सांधण्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे. म्हणून तबकडी वर सांगितल्याप्रमाणे बळकट केली असेल तरच धातूकडे वळावे, असे माझे मत आहे. आणि मागच्या दोन पायांपैकी एक झिजून गेला असेल, केवळ अपघाताने मोडला नसेल, तर दोन्ही एकदम बदलावे. दुसऱ्यानेही तितकीच उड्डाणे केलेली असतात, आणि काढलेला चांगला पाय राखीव म्हणून उपयोगी पडतो.

प्रत्यक्ष काम आता थोडेच उरते. प्रथम मुख्य बॅटरी विमानातून बाहेर काढावी, सोडून ठेवणे पुरेसे नाही, कारण विमानाच्या पोटाशी बोटे असताना पंखा फिरू लागला तर इजा गंभीर होते. स्ट्रटची दिशा आणि चाकाचा रोख यांचे छायाचित्र घेऊन ठेवावे. चार स्क्रू काढून युनिट उचलल्यावर त्याची वायर ओढून काढण्यापूर्वी तिच्या टोकाला मजबूत दोरा बांधावा. पायजम्यात नाडी ओवताना जशी जुन्या नाडीला नवी बांधून ओढतात तसा जुन्या वायरीबरोबर दोरा पंखातून बाहेर येतो आणि त्याच दोऱ्याने नवी वायर आत जाते. हा दोरा विसरलेल्यांना अखेर पंखाची पाठ चिरावी लागते.

नवे युनिट विमानात बसवण्याआधी टेबलावर, सर्वो टेस्टर लावून, वीस-पंचवीस वेळा उघडमीट करून पाहावे. सदोष भाग असेल तर तो येथेच कळावा. स्ट्रट पिनेवर ज्या छोट्या ग्रब स्क्रूने धरला जातो, त्याच्यासाठी पिनेवर कानशीने एक सपाट जागा केलेली असते; नसेल तर करावी, कारण गोल पिनेवर घट्ट केलेला स्क्रू काही उतरणींत फिरतोच. आटे आधी स्वच्छ पुसून त्यावर मध्यम ताकदीच्या निळ्या थ्रेडलॉकरचा एकच थेंब लावावा, आणि तो प्लास्टिकच्या चौकटीवर ओघळू देऊ नये. काही प्लास्टिके त्या द्रवाने ठिसूळ होऊन तडकतात. मळसूत्राला पेट्रोलजन्य ग्रीस किंवा तेल न देता कोरडे टेफ्लॉनचे वंगण थोडे द्यावे, म्हणजे धूळ धरत नाही. चाकाचा रोख ठरवताना विमान सपाट फळीवर उभे करून सुताराचा गुण्या लावावा. दोन्ही मागची चाके धडाच्या मध्यरेषेला समांतर, किंवा अगदी अल्प प्रमाणात आत वळलेली असावीत. ती बाहेर वळलेली असली तर धावताना एक चाक विमानाला आपल्याकडे खेचते आणि ते धावपट्टी सोडून जाते.

पुढचा पाय या सर्वांहून नाजूक असतो, कारण त्याला मिटण्याबरोबर वळायचेही असते. तो वळवणारा सर्वो पाय मिटल्यावरही रडरच्या आज्ञेबरोबर चाक हलवत राहिला, तर गाळ्यात कोंबलेले चाक भिंतींवर घासत राहते आणि सर्वोचे दात झिजतात. म्हणून पाय वर असताना सर्वो मध्यावर स्थिर राहील अशी तजवीज ट्रान्समीटरच्या ‘मिक्सिंग’च्या सोयीत करून ठेवावी. ज्या विमानांत गाळ्याला झडपा असतात तेथे झडप पूर्ण उघडेपर्यंत पाय थांबेल असा क्रम सीक्वेन्सर नावाच्या उपकरणात बांधावा लागतो. पुढच्या पायाची उंचीही पाहावी. नव्या स्ट्रटची लांबी मूळापेक्षा कमी झाली तर विमान नाक खाली करून उभे राहते आणि धावपट्टी संपत आली तरी उठत नाही. जास्त झाली तर वेग पुरेसा येण्याआधीच उसळी मारते. धातूचे युनिट जुन्यापेक्षा जड असेल तर गुरुत्वमध्य बदलतो, म्हणून पाय उघडे आणि मिटलेले अशा दोन्ही स्थितींत तोल पुन्हा तपासावा.

एक सावधगिरी येथेच सांगितली पाहिजे. बॅटरी जोडताना पायांचा स्विच ‘उघडा’ या स्थितीत असल्याची खात्री करून घ्यावी, आणि विमान चाकांवर उभे असताना तो स्विच कधीही हलवू नये. काही युनिटे बॅटरी जोडल्यावर पहिला स्विच-बदल होईपर्यंत हलतच नाहीत. काही लगेच हुकूम पाळतात. आपले कोणत्या जातीचे हे माहीत नसताना केलेल्या प्रयोगाचा पंखाला आणि पोटाला भुर्दंड पडतो.

पहिले उड्डाण शांत वाऱ्यात करावे आणि उंचीवर गेल्यावर पाय दोन-तीनदा मिटून उघडून पाहावे. मग धावपट्टीवरून कमी उंचीने एक फेरी मारून खाली उभ्या असलेल्या सहकाऱ्याकडून तिन्ही पाय पूर्ण उघडल्याची खात्री करून घ्यावी, कारण उडवणाऱ्याला स्वतःला दुरून ते नीट दिसत नाही. एखादा पाय अडलाच तर प्रथम स्विच पुन्हा वरखाली करावा. तरी न उघडल्यास विमान थोडे सूर मारून जोराने वर ओढावे, त्या ओढीने अडकलेले चाक कधी कधी सुटते. तेही न झाल्यास, एक पाय उघडा आणि एक मिटलेला अशा स्थितीत धावपट्टीवर उतरण्याचा मोह टाळून तिन्ही पाय मिटवावे आणि बाजूच्या गवतावर पोटाने उतरावे. एका पायावर टेकलेले विमान गरकन फिरते आणि पंखाचे टोक गमावते. पोटाने उतरलेले विमान बहुधा ओरखड्यांवर सुटते, मात्र जमिनीला टेकण्याच्या आधी पंखा पूर्ण बंद केला पाहिजे, नाहीतर तो माती आणि गवत आत ओढतो.

सर्व काही सुरळीत झाले तरी दहा-बारा उतरणींनंतर विमान एकदा पुन्हा उताणे करावे. तबकडीखालचा फोम तोवर थोडा दबलेला असतो आणि त्यामुळे चारही स्क्रू अर्धा-पाऊण फेरा सैल झालेले आढळतात. ते पेचकसाने परत आवळून घ्यावे, ग्रब स्क्रूला एलन कीने हात लावून पाहावा, आणि स्ट्रट धरून तबकडीची कड हलते का ते पुन्हा एकदा पाहून घ्यावे.